पायरीवरची म्हण

न्यायमंदिराशी जोडलेली वाक्ये दोन प्रकारची असतात. काही आत, न्यायासनामागच्या भिंतीवर किंवा मुद्रेवर कोरलेली असतात. काही बाहेर पायरीवर, कोणी न कोरताही टिकून राहिलेली असतात. २८ जानेवारी १९५० रोजी ज्याचे कार्य सुरू झाले त्या आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे ब्रीद 'यतो धर्मस्ततो जयः' असे आहे. तुर्कस्तानातील न्यायालयांत न्यायाधीशांच्या आसनामागे 'न्याय हा राज्याचा पाया होय' असे लिहिलेले असते. या वाक्यांशी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु त्याच मंदिराची पायरी चढू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या कानांत निराळेच वाक्य घुमत असते : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भिंतीवरचे वाक्य राज्यसंस्थेने लिहिले, पायरीवरचे लोकांनी. एकाच वास्तूविषयी या दोघांचे मत इतके भिन्न का असावे, आणि आपण त्यांतले कोणते खरे मानावे, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडू लागला आहे. त्याला एक खाजगी कारण आहे; ते पुढे यथावकाश सांगेन.

बदलीच्या नोकरीत प्रांतोप्रांती हिंडलेल्या आपणांसारख्यांना हा अनुभव असेलच की, नव्या गावी पाणी मानवण्यास वेळ लागतो, परंतु कचेरीविषयीची म्हण मात्र लगेच ओळखीची वाटते. उत्तरेत आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या कानांवर आले : 'कचहरी में जो जीता सो हारा, जो हारा सो मरा.' भाषा बदलली होती, तक्रार तीच होती. पुढे जसजशी निरनिराळ्या देशांच्या म्हणींची पुस्तके हाती येत गेली, तसतसे हे साम्य अधिकच नवलाचे वाटू लागले. ज्यांचा एकमेकांशी कधी संबंध आला नाही अशा लोकांनी कायदा, वकील आणि न्यायाधीश यांच्याविषयी जवळजवळ तेच शब्द वापरले आहेत.

पहिली तक्रार खर्चाची व कालहरणाची. लठ्ठ खटल्यापेक्षा रोडकी तडजोड बरी, असे जर्मन माणूस म्हणतो. चांगल्या दाव्यापेक्षा वाईट समझोता परवडला, असे फ्रेंच माणूस म्हणतो. जुन्या चीनमध्ये सरकारी कचेरीच्या दरवाजाविषयी एक म्हण होती. 'आठ' या अंकाचे चिनी अक्षर म्हणजे खाली फाकत गेलेल्या दोन रेघा. कचेरीचे दार त्या अक्षरासारखे सताड उघडे आहे, परंतु बाजू न्यायाची असूनही गाठीला पैसा नसेल तर आत येऊ नकोस, असा त्या म्हणीचा भावार्थ. त्याच देशात याहूनही निर्वाणीचा उपदेश ऐकू येई : उपाशी मरावे पण चोरी करू नये, अन्याय सोसून मरावे पण फिर्याद करू नये. स्पेनमध्ये तर याचा शापच झाला आहे. ज्याचे वाईट चिंतायचे त्याला म्हणावयाचे, 'तुझ्यामागे खटले लागोत, आणि ते तू जिंकोस!'

दुसरी तक्रार विषमतेची. सोलोन अथेन्सच्या कायद्यांची रचना करीत असता सिथियातून आलेला अनाखार्सिस त्याला हसला, अशी कथा प्लुटार्कने सोलोनच्या चरित्रात दिली आहे. कायदे हे कोळ्याच्या जाळ्यासारखे, दुबळ्यांना अडकवतात आणि सबळ ते फाडून निघून जातात, असे त्याचे म्हणणे. लहान चोरांना फासावर चढवतात, मोठ्यांना मोकळे सोडतात, हे जर्मन भाषेत म्हणीचेच वाक्य आहे. कोलंबियात म्हणतात, कायदा रुआनावाल्यांसाठी असतो. रुआना म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचे घोंगडीसारखे लोकरी पांघरूण. आणि ज्या हैतीत गुलामगिरीतून सुटलेल्यांनी आपले राज्य स्थापिले, तिथली म्हण या सर्वांहून थोडक्यात सांगते : कोंबडीपुढे झुरळाचे म्हणणे कधीच बरोबर ठरत नाही. आपल्या 'बळी तो कान पिळी'ला आणि हिंदीतल्या 'जिसकी लाठी उसकी भैंस'ला ही सगळी सख्खी भावंडे शोभतील.

तिसरी तक्रार कायद्याविषयी नसून तो हाती धरणाऱ्या माणसाविषयी आहे. रशियन शेतकरी कायद्याला गाडीच्या दांड्याची उपमा देतो. जिकडे वळवाल तिकडे तो वळतो. न्यायालयाला भिऊ नकोस, न्यायाधीशाला भी, हीही त्याचीच शिकवण. आपण 'कुंपणच शेत खाते' म्हणतो; अरब म्हणतो, जो तिचा रखवालदार तोच तिचा चोर. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवरील आपला ग्रंथ लिहिला. न्यायाची पराकाष्ठा तीच अन्यायाची पराकाष्ठा, हे वचन त्याने त्यात दिले आहे आणि ही म्हण बोलून बोलून झिजून गेलेली आहे असेही तिथेच म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जी म्हण जुनी झाली होती, तिचा आशय आजही शिळा वाटत नाही, ही गोष्ट कायद्याच्या अभिमान्यांनी विचार करण्याजोगी आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. प्रत्येक दाव्यात एक जण हरतो, आणि हरलेला मनुष्य न्यायाधीशाला शिव्या घालणारच. तेव्हा या म्हणी म्हणजे हरलेल्यांची कुरकूर होय. हे उत्तर सोयीचे आहे, परंतु पुरेसे नाही. कारण स्पेनमधील शाप हरण्याचा नाही, जिंकण्याचा आहे. आमच्या हिंदी म्हणीतही पहिला मान जिंकलेल्याच्याच दुःखाला दिलेला आहे. उलट, न्याय नीट झाला तर हरलेला मनुष्य काय म्हणतो, हे तुर्की म्हणीत नमूद आहे : शरियतने कापलेले बोट दुखत नाही. म्हणजे निकाल आपल्या विरुद्ध गेला म्हणून लोक कायद्यावर रुसत नाहीत. योग्य हाताने, योग्य कारणासाठी झालेली शिक्षा सोसण्याची त्यांची तयारी असते. पंचामुखी परमेश्वर, ही श्रद्धा आपल्याच लोकांनी बाळगली. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना नारायणरावांच्या खुनाबद्दल देहांत प्रायश्चित्त सांगितले, ही गोष्ट दोनशेहून अधिक वर्षे घरोघर सांगितली गेली ती तेवढ्याचसाठी. न्याय ही वाईट वस्तू आहे असे सांगणारी म्हण मला आजवर कोठेही आढळली नाही. तक्रार आहे ती न्यायापर्यंत जाणाऱ्या वाटेविषयी. ही वाट इतकी बिकट वाटली की पुष्कळ ठिकाणी लोकांनी न्यायाची जागाच बदलून टाकली. 'भगवान के घर देर है, अंधेर नहीं', असे म्हणून आमच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांनी ती वर नेली. देवाची जाती सावकाश फिरतात पण बारीक दळतात, असे म्हणणाऱ्या ग्रीकांनीही तेच केले.

आपल्या म्हणीकडे याच दृष्टीने पाहावे. तिच्यातील 'कोर्ट' हा शब्दच सांगतो की, तिचे आजचे रूप इंग्रजी अमलातले आहे. त्या अमलात दख्खनच्या कुणब्याला कोर्टाचा काय अनुभव आला, हे इतिहासात नमूद आहे. कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणणारा कायदा १८५९ साली झाला. हेतू असा की, व्याज फुगत जाऊन ऋणको बुडू नये. परंतु सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यावयास आरंभ केला, आणि कुणब्याच्या रक्षणासाठी केलेला कायदाच त्याच्या गळ्याभोवती आवळला. दावा लागला की समन्स निघे; कुणब्याला ते वाचता येत नसे, तालुक्याला जाण्याचा खर्च परवडत नसे, आणि गेल्यास रोख्यापुढे बोलण्यासारखे त्याच्यापाशी काही नसे. तो गैरहजर राही आणि एकतर्फी हुकूमनामा होई. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी दंगा उसळला व तेथून तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावी पसरला. दंगेखोरांनी विशेषेकरून सावकारांच्या घरांतील रोखे व हुकूमनामे हुडकून जाळले. ज्या कागदावर न्यायालयाचा शिक्का होता तोच कागद त्यांनी आगीत टाकावा, यातील अर्थ उघड आहे.

सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार दिला. हा कायदा निर्दोष होता असे नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हाही शेतकऱ्याची नागवण संपलेली नव्हती. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे कुजबुजत बोलले जात होते, ते अखेर कोणी तरी साक्ष म्हणून ऐकले, आणि ऐकल्यावर कायद्यात थोडी तरी सुधारणा झाली. मला वाटते, या म्हणींचे खरे स्वरूप हेच आहे. ज्यांना निकालपत्र लिहिता येत नाही त्यांनी न्यायसंस्थेविषयी दिलेली ती जबानी आहे, आणि जबानी म्हणून ती बहुतांशी खरी आहे.

आता ते खाजगी कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी उत्तरेतील एका जिल्ह्याच्या गावी नोकरीस असताना आमच्या कार्यालयातील एक शिपाई अकस्मात वारला. त्याची विधवा दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. निवृत्तिवेतनाचे कागद पुरे झाले होते. तिचा प्रश्न निराळा होता. गावातील वडिलोपार्जित घरात नवऱ्याचा जो हिस्सा होता, तो दिराने बळकावला होता, आणि ओसरीवरची एक खोली तेवढी तो तिला देऊ करीत होता. दावा लावावा की काय, असे तिने मला विचारले. मी तिला बसावयास सांगितले, चहा मागविला, आणि वडीलकीच्या सुरात आपली म्हण हिंदीत करून ऐकविली : 'समझदार आदमी कचहरी की सीढ़ी नहीं चढ़ता.' जे मिळते आहे ते घ्या, मुलाला शिकवा, असेही सांगितले. तिने मान डोलावली आणि ती गेली. एका असहाय स्त्रीला आपण संकटातून वाचविले, या समाधानात मी त्या दिवशी घरी परतलो.

वाचकांना सांगावयास संकोच वाटतो, परंतु सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही. त्याच वर्षी माझा स्वतःचा दावा गावाकडील दिवाणी न्यायालयात चालू होता. वाड्याच्या वाटणीत चुलतभावांनी मागचे अंगण आपल्याकडे ओढले होते. अंगणाची मला गरज नव्हती. निवृत्त होऊन तेथे राहावयाचा विचारही नव्हता. तरी मी चांगला वकील दिला, तारखांना रजा काढून गेलो, आणि अकरा वर्षांनी जिंकलो. त्या अकरा वर्षांत मला स्वतःला ती म्हण एकदाही आठवली नाही. पायरी चढण्याचे बळ माझ्या अंगी होते, म्हणून माझ्या बाबतीत तो हक्काचा प्रश्न होता. तिच्या अंगी ते नव्हते, म्हणून तिच्या बाबतीत तो शहाणपणाचा प्रश्न झाला.

पाच-सहा वर्षांनी ती मुलाच्या कसल्याशा दाखल्यासाठी पुन्हा आली. काम झाल्यावर मी सहज विचारले, घराचे काय झाले? दिराने ती खोलीही पुढे काढून घेतली होती, आणि ती मुलासह माहेरी भावाच्या आश्रयाला राहत होती. 'मग तेव्हाच दावा का लावला नाहीत?' असे मी बोलून गेलो. ती म्हणाली, 'आप ही ने तो मना किया था, साहब.' तिच्या स्वरात राग नव्हता. केवळ एक वस्तुस्थिती ती मला सांगत होती.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा ही नवऱ्याच्या पहिल्या वर्गातील वारस आहे. ती व तिचा मुलगा असताना त्याच्या वारशावर दिराचा अधिकार पोहोचत नव्हता. विधिसेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली संमत झाला आणि १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्या प्राधिकरणाची कचेरी आमच्या कार्यालयापासून फार दूर नव्हती. हे सर्व मला ठाऊक होते, निदान ठाऊक असणे माझ्या पदाला साजेसे होते. पण कलम सांगण्याऐवजी मी म्हण सांगितली, कारण म्हण सांगितल्यावर पुढे काही करावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की, तडजोडीचा सल्ला हा काही गुन्हा नव्हे. थोरांनीही तो दिला आहे. खटले ऐकण्यात मी इतरांसारखाच, खरे काम खटलेच उद्भवू नयेत असे करण्याचे, अशा आशयाचे कन्फ्यूशियसचे वचन प्रसिद्ध आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ यांचा दावा लवादाकडे नेला, निकालाची सदतीस हजार पौंडांची रक्कम हप्त्यांनी घेण्यास आपल्याच अशिलाला राजी केले, आणि दुभंगलेल्या पक्षांना सांधणे हे वकिलाचे खरे काम आहे असा बोध त्यातून घेतला. हे सारे मला शिरसावंद्य आहे. परंतु दादा अब्दुल्ला व तय्यब शेठ हे दोघेही मोठे व्यापारी होते. दोघांनाही शेवटपर्यंत लढता आले असते, म्हणूनच त्यांच्या न लढण्याला तडजोड म्हणता येते. रोडक्या तडजोडीचे कौतुक करणारी जर्मन म्हण ज्याला लठ्ठ खटला चालविता आला असता त्याच्याशी बोलते आहे. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याने अर्ध्यावर समाधान मानले, तर त्याला तडजोड हे नाव देणे हे आपल्या मनाची समजूत घालणे होय.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या संदर्भात आठवावा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे खाजगी आहे असा दावा सवर्णांनी डिसेंबरात लावला व तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळून सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढविला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी रूढी सिद्ध होत नाही असे ठरले. घोटभर पाण्याच्या हक्कासाठी सव्वानऊ वर्षे लागली. म्हणजे पायरीवरच्या म्हणीने दिलेली साक्ष येथेही खोटी ठरली नाही. वेळ लागला, खर्च झाला, आणि मनाईहुकूम आधी बलवंतांनाच मिळाला. पण त्या मंडळींनी म्हणीचा सल्ला मानला असता तर? गावचे पंच, रूढी, शेजारधर्म यांची दारे त्यांना शतकानुशतके बंद होती. उघडे होते ते एकच दार, तेही किलकिले. अशा माणसाला 'शहाणा हो' म्हणणे म्हणजे 'आहेस तिथेच राहा' म्हणणे आहे.

माझा निष्कर्ष एवढाच आहे. या म्हणी साक्ष म्हणून खऱ्या आहेत, सल्ला म्हणून मात्र त्या कोणी कोणाला सांगितल्या यावर त्यांचा खरेखोटेपणा ठरतो. सोसलेल्या माणसाने आपल्या बरोबरीच्याला सांगितली तर ती अनुभवाची शिदोरी असते. खुर्चीवर बसलेल्याने खुर्चीसमोर उभ्या असलेल्याला सांगितली, की तीच म्हण कायद्याच्या दाराला लावलेली आणखी एक कडी होते. आपण अधिकारी मंडळींनी ती ऐकावयाची आहे. ती उच्चारण्यापूर्वी मात्र अशा प्रसंगी मी स्वतः काय केले असते, एवढे मनाशी विचारून पाहावे.

देशातील प्रलंबित खटल्यांची संख्या २०२३ साली पाच कोटींच्या वर गेली. इतके लोक ती म्हण ऐकूनही पायरी चढले आहेत. ते सगळे मूर्ख आहेत असे मला वाटत नाही. त्यांतले काही माझ्यासारखे अंगणासाठी भांडत असतील, तर काहींना त्या विधवेसारखे खोलीपुरतेही दुसरे दार उरलेले नसेल. न्यायाधीशांची संख्या, प्रक्रियेतील सुधारणा हे प्रश्न माझ्या अधिकाराबाहेरचे आहेत. परंतु या दोन प्रकारच्या माणसांना एकाच म्हणीने परत पाठवू नये, एवढे तर कोणत्याही कार्यालयातील कोणालाही करता येण्यासारखे आहे.

त्या दिवशी मी तिला विधिसेवा कचेरीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. अजूनही दावा लावता येईल, असे सांगितले. तिने चिठ्ठी पदराला बांधली आणि मुलाचा दाखला मात्र हातातच धरून ती निघाली. ती तिथे गेली की नाही, हे विचारावयास मला पुढे तोंड झाले नाही. अंगणाच्या दाव्यातील हुकूमनाम्याची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. कोर्टाची म्हण कोणी काढली की हल्ली मला ती नक्कल आठवते, आणि मी गप्प बसतो.